गल्ला घसरला, म्हणून निकाल लागला काय?

‘ब्लॅक पँथर’चा दुसरा भाग ‘वकांडा फॉरेव्हर’ ११ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेत लागला आणि पहिल्या तीन दिवसांत तिथे त्याने सुमारे १८ कोटी १० लाख डॉलर मिळवले. नोव्हेंबरात लागलेल्या कोणत्याही चित्रपटाला तोवर एवढी सुरुवात मिळाली नव्हती. तरीही पुढे बोलबाला झाला तो घसरणीचा! २०१८ च्या पहिल्या भागाने जगभर सुमारे १३५ कोटी डॉलर कमावले होते, दुसरा ८६ कोटींच्या आसपास थांबला. एक तृतीयांशाहून अधिक घट. लोकांचा उत्साह ओसरला, असा निष्कर्ष काढायला मग वेळ लागत नाही.

आम्ही वकील मंडळी एका आकड्यावर निकाल मान्य करीत नाही, बाकीचा पुरावा मागतो. पहिला पुरावा असा की, चित्रपटाचा नायकच हयात नव्हता. चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० रोजी आतड्याच्या कर्करोगाने वयाच्या ४३ व्या वर्षी गेला. त्याच्या जागी दुसरा नट उभा करायचा नाही, असे ठरले आणि दिग्दर्शक रायन कूगलर यांना कथा नव्याने रचावी लागली. दुसरा पुरावा चीनचा. पहिल्या भागाने तिथे दहा कोटी डॉलरहून अधिक मिळवले होते. दुसरा तिथे तब्बल तीन महिने उशिरा, फेब्रुवारी २०२३ मध्ये लागला आणि फारसा चालला नाही. शिवाय कोरोनानंतर चित्रपटगृहे पूर्वीसारखी भरत नव्हती. हे सारे बाजूला ठेवून काळ्या माणसांच्या चित्रपटाचे अप्रूप संपले म्हणायचे, हा कुठला न्याय? गोऱ्या नायकाचा चित्रपट पडला तर तो एकटा पडतो. काळ्यांचा नुसता कमी चालला, तरी अख्खा समाज आरोपीच्या पिंजऱ्यात! आणि खूप चालला की तो म्हणे अपवाद.

समीक्षकांनी मात्र एवढी घाई केली नाही. पहिल्या भागाला शंभरातल्या ९६ समीक्षकांची पसंती होती, दुसऱ्याला सुमारे ८४ जणांची. दोन तास एकेचाळीस मिनिटांची लांबी आणि पात्रांची गर्दी, या तक्रारी रास्तच आहेत. शोकाचे प्रसंग आणि राणी रामोंडा झालेल्या अँजेला बॅसेट यांचे काम यांचे कौतुक झाले, तेही रास्त.

माझी तक्रार निराळी आहे. सुरुवातीला फ्रेंच सैनिक वकांडाचे धातू लुटायला येतात, राणी त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या सभेत उघडे पाडते. हा प्रसंग पाहताना अंगावर रोमांच उभे राहतात. पुढे अमेरिकाही तोच धातू समुद्रतळाशी शोधते. आणि लढतात कोण? आफ्रिकेतले वकांडा आणि स्पॅनिशांच्या अत्याचारातून निसटून पाण्याखाली वसलेले माया वंशाचे तालोकान! दोन्ही लुटीची भीती जाणणारे, एकमेकांचे रक्त सांडतात आणि ज्यांच्या हावेने हे पेटले ते नामानिराळे राहतात. एवढा मोठा दोष असताना समीक्षेचा बराच वेळ लांबी मोजण्यात गेला.

आपल्याकडे नावामुळे एक गोंधळ होतो, म्हणून सांगतो. कॉमिकमधला ब्लॅक पँथर १९६६ च्या मध्यावर आला, ओकलंडची ब्लॅक पँथर पार्टी त्याच वर्षी ऑक्टोबरात स्थापन झाली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते त्या पार्टीवरून, कॉमिकवरून नव्हे.

राहिला ऑस्कर. पहिल्या भागाला सात नामांकने आणि तीन पुरस्कार मिळाले होते. दुसऱ्याला पाच नामांकने मिळाली. मार्व्हलच्या चित्रपटातील भूमिकेसाठी अभिनयाचे नामांकन मिळवणाऱ्या बॅसेट पहिल्याच, पण मार्च २०२३ मध्ये बाहुली गेली जेमी ली कर्टिस यांच्याकडे. पुरस्कार एकच आला, वेशभूषेचा, रूथ कार्टर यांना. दोन ऑस्कर मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री आणि दोन्ही वेळा कपडे वकांडाचेच होते.