शिलाईने वर नेले, कर्जाने खाली आणले

अमेरिकेतील लॉस एंजेलिस भागात २००२ साली जेफ्री लुबेल आणि त्यांची पत्नी किम यांनी ‘ट्रू रिलिजन’ नावाने जीन्स काढली. धर्माचे नाव पतलुनीला द्यावे, हे आम्हाला रुचत नाही. परंतु या कंपनीचा जमाखर्च आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी जरूर पाहावा असा आहे.

जीन्सच्या बाजारात तेव्हाही गर्दीच होती. कापड तेच, निळा रंग तोच. लुबेल यांनी फरक केला तो शिलाईत. साधारण जीन्सला इंचात सात-आठ टाके पडतात. यांनी जाड दोरा घेतला, पाच धाग्यांची शिलाई ठेवली आणि इंचाला दोनच टाके घातले. त्यासाठी मशिनींमध्ये खास फेरफार करून घेतले. मागच्या खिशावर घोड्याच्या नालाची खूण टाकली. माल लांबूनच ओळखू येऊ लागला. एकेक नग दोनशे-तीनशे डॉलरला विकला गेला. २०१२ मध्ये विक्री सुमारे ४६ कोटी ७० लाख डॉलरवर पोहोचली.

मग घसरण का झाली? आमच्या मते कारणे तीन.

पहिले, शिलाईची नक्कल सोपी असते. जाड दोऱ्याची जीन्स इतरांनीही काढली, खोटा मालही बाजारात आला. दुसरे, ग्राहकाची आवड बदलली. २०१० नंतर स्त्रिया जीन्स सोडून लेगिंग व व्यायामाचे ताणणारे कपडे रोज वापरू लागल्या. जाड टाक्याची, भारी भावाची जीन्स मागे पडली. सुटीच्या दुकानांतून माल सवलतीत जाऊ लागला, की पूर्ण भाव देणारे गिऱ्हाईक थांबते, हे कोणताही दुकानदार सांगेल.

तिसरे कारण सर्वांत मोठे. २०१३ मध्ये टॉवरब्रुक या गुंतवणूक कंपनीने हा धंदा सुमारे ८३ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतला. अशा सौद्यात खरेदीदार बराचसा पैसा कर्जाऊ उचलतो आणि ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच खात्यावर चढवतो. म्हणजे दुकान विकले जाते आणि दुकानाची किंमत दुकानानेच व्याजासह फेडायची! विक्री वाढत असेल तोवर हे निभते. इथे विक्री घटत होती, व्याज मात्र घटत नव्हते.

जुलै २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातून ३५ कोटी डॉलरहून अधिक कर्ज उतरले आणि मालकी सावकारांकडे गेली. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने दुकाने बंद पडली, तेव्हा पुन्हा अर्ज करावा लागला. त्यानंतर मात्र कमी दुकाने, आवाक्यातला भाव आणि इंटरनेटवरील विक्री, या वाटेने कंपनी सावरली.

यातून आपण काय घ्यावे? कारागिराचे हुन्नर हेच खरे भांडवल, पण एका हुन्नरावर कायम बसून राहता येत नाही. नवा नमुना काढत राहावा लागतो. आणि हंगाम चांगला असताना उचललेले व्याजी कर्ज मंदीत माफ होत नाही. प्रेषित (स.) कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. ट्रू रिलिजनच्या टाक्यात खोट नव्हती. जो धागा तुटला तो हिशेबाचा होता.