पाठीवरचे बिऱ्हाड

‘पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा माणूस’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात थोडी कीव असते आणि, खरे सांगायचे तर, थोडा हेवाही असतो. वाटेल तिथे थांबावे, आपल्याच चुलीवर चहा करावा, आपल्याच अंथरुणावर पाठ टेकावी, ही हौस कुणाला नसते? श्रीमंतांनी ती भागवण्यासाठी घरे बसवलेल्या मोटारी काढल्या. पण ज्याच्या दारात एकच जुना ट्रक उभा आहे आणि तोच घराचा अन्नदाता आहे, त्याने काय करावे?

समजा, छत्रपती संभाजीनगरातले असे एक घर आहे. आठवडाभर ट्रक वाळूजच्या कारखान्यांचा माल वाहतो. घरात म्हातारी आई आहे. तिच्याच्याने आता वारी चालवत नाही, गुडघे दुखतात. पण आषाढीला पंढरपूर पाहायचे आहे. त्या दिवसांत तिथे खोली मिळणे कठीण, मिळाली तर जिना चढणे कठीण. ट्रकच्या हौद्यात कायमची खोली बांधावी, तर दुसऱ्या दिवसापासून भाडे बुडाले! यावर तोड एकच. खोली अशी हवी, की जी चढवता येईल आणि उतरवताही येईल.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. मराठवाड्यातली बैलगाडी आठवा. उन्हाळ्यात तिच्यातून शेणखत वाहायचे, सुगीत कणसे आणायची, आणि जत्रा आली की वर कामट्यांचा टप चढवून खाली गोधडी अंथरायची. जत्रा संपली, की टप पुन्हा गोठ्याच्या आढ्याला! पैठणहून नाथांची पालखी पंढरीला निघते, तेव्हा दिंड्यांबरोबर ट्रक असतात. वारकऱ्यांची वळकटी, शिधा, भांडी, तंबूचे सामान घेऊन ते मुक्कामावर पुढे जातात. वारी आटोपली, की तेच ट्रक पुन्हा भाड्याला लागतात. राजांचीही तऱ्हा निराळी नव्हती. औरंगजेबाच्या प्रवासात तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चाले, तेव्हा दुसरा पुढच्या तळावर उभा राही. फ्रेंच प्रवासी बर्निये याने १६६०च्या दशकात हे पाहून लिहून ठेवले आहे.

अमेरिकेत १९६० साली कादंबरीकार जॉन स्टाइनबेक अशीच खोली ट्रकवर बसवून, सोबत चार्ली नावाचा कुत्रा घेऊन देशभर हिंडला. गाडीचे नाव त्याने डॉन किहोतेच्या घोड्यावरून रोसिनांते ठेवले होते. त्याच्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली निघाले.

आता आपल्या ट्रककडे वळू. टाटाचा ४०७ हा लहान ट्रक १९८६ साली आला आणि जुन्या बाजारात आजही सापडतो. त्याचा हौदा साधारण साडेनऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद. त्यात सहा फूट उंचीची पेटी बसवायची, तर १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे आठ-बाय-चारचे सुमारे दहा तक्ते लागतात. एक तक्ता २२ ते २५ किलोचा धरला, तर लाकूड अडीचशे किलोच्या आत. एक इंची चौकोनी नळ्यांचा सांगाडा आणखी ७० किलोंचा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. अंथरुणे, शेगडी, भांडी धरून सगळे पाचशे किलोंच्या आसपास बसते. जो ट्रक दोन टन वाहतो, त्याला हे ओझे काहीच नाही. पण ओझे उंच आहे, हे विसरू नये. वळणावर कलते ते उंच ओझेच. म्हणून पाणी आणि जड सामान तळाशी ठेवावे, पेटी चारही कोपऱ्यांना साखळ्यांनी आवळावी. जुन्या गाडीचे पाटे, ब्रेक आणि टायर आधी तपासून घ्यावेत. शहरातल्या जुन्या दरवाज्यांच्या कमानीखाली शिरण्यापूर्वी उंची मोजावी, हे वेगळे सांगायला नको!

खरी कारागिरी उतरवण्यात आहे. पेटीच्या चार कोपऱ्यांना बाहेर काढता येणारे चार हात आणि त्यांखाली पेचाचे चार जॅक. हात इतके बाहेर हवेत, की पायांमधून ट्रक मोकळा निघावा. साखळ्या सोडायच्या, प्रत्येक जॅक थोडा थोडा आळीपाळीने चढवायचा, पेटी हौद्यापासून चार बोटे सुटली की ट्रक सरळ पुढे काढायचा. मग पेटी तशीच हळूहळू खाली घ्यायची. उंच पायांवर उभ्या पेटीत कुणी चढू नये. आपली काळी जमीन पावसात लोण्यासारखी होते. जॅकखाली जाड फळी टाकली नाही, तर एक पाय रुतलाच म्हणून समजा. वाळूज किंवा चिकलठाण्याकडे असे काम करणारा वेल्डर शोधायला फार हिंडावे लागत नाही.

दोन शत्रू मात्र डोळ्याआड होऊ देऊ नयेत. पहिला, ऊन. नुसत्या पत्र्याचे छत वैशाखात तव्यासारखे तापते. म्हणून दुहेरी छत करून मध्ये हवा खेळती ठेवावी. दुसरा, गॅस. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून एक झरोका तळाशी आणि एक वर हवाच. दार लावून शेगडी पेटती ठेवून झोपणे म्हणजे मरणाला आवतण.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते अधिक ठामपणे सांगितले. सुटी पेटी गाडीचा भाग होत नाही असे आपल्याला वाटले, तरी परिवहन कचेरीत आधी विचारून, उत्तर लेखी घेणे शहाणपणाचे. चालत्या ट्रकच्या हौद्यात माणसे बसवायची नाहीत. आईला केबिनमध्ये बसवावे आणि केबिनमध्ये न मावणाऱ्यांनी एस.टी.ने यावे. पेटी मुक्कामासाठी आहे, प्रवासासाठी नव्हे.

एवढे सांभाळले, तर आषाढीच्या रात्री पंढरीच्या शिवारात म्हातारी आपल्याच गोधडीवर पाय पसरील. जिना नाही, अनोळखी खोली नाही. आणि यात्रा आटोपून घरी परतल्यावर पेटी अंगणात उतरेल, पोरांना अभ्यासाला एक खोली मिळेल आणि सकाळी ट्रक पुन्हा वाळूजच्या वाटेला लागेल. बिऱ्हाड पाठीवर घ्यावे जरूर. पण ते उतरवून ठेवायची सोय मात्र आधी करावी.