आरोग्यसेवेची खरेदी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचतो तेव्हा त्याच्याबाबतचे बरेचसे निर्णय आधीच झालेले असतात. भूल कोणत्या वायूने द्यायची, चिमटे कुठून मागवायचे, ते एकदा वापरून टाकायचे की पुन्हा वापरायचे, कोणत्या संस्थेशी करार करायचा आणि त्यात काय लिहायचं, हे सगळं कुठल्यातरी कार्यालयात, निविदेच्या फायलीत ठरून गेलेलं असतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, या कामासाठी प्रादेशिक मंडळं आहेत. आपल्या भागातल्या लोकांना कोणत्या सेवा लागतात, त्या कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घ्यायच्या, हे ती ठरवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं राज्य सरकार खासगी रुग्णालयांकडून उपचार विकत घेतं, तेही याच जातीचं काम.

या खरेदीत हवामानाचा आणि कामगारांचा विचार झाला पाहिजे, असं म्हटलं की ठरावीक आक्षेप पुढे येतात. ते बहुतेक चांगल्या हेतूने घेतलेले असतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

गैरसमज : रुग्णालयाचं प्रदूषण म्हणजे लाल-पिवळ्या पिशव्यांतला कचरा आणि विजेचं बिल.

एनएचएसने २०२० साली आपल्या सगळ्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मांडला. इंग्लंडच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे ४ टक्के वाटा एकट्या एनएचएसचा निघाला. त्यातले ६२ टक्के होते पुरवठा साखळीतून, म्हणजे औषधं, उपकरणं आणि इतर सामान तयार होऊन दारात येईपर्यंतचे. इमारती, वीज, भुलीचे वायू असं जे प्रत्यक्ष सेवा देताना घडतं त्याचा वाटा २४ टक्के, रुग्ण आणि कर्मचारी यांच्या प्रवासाचा सुमारे १० टक्के, आणि बाहेरच्या संस्थांकडून घेतलेल्या सेवांचा उरलेला ४ टक्के.

कचरा आणि दिवे डोळ्यांना दिसतात, म्हणून लक्ष तिकडेच जातं. एलईडी दिवे लावावेत, छतावर सौरपटलंही बसवावीत, पण एवढ्याने अर्ध्यापेक्षा जास्त उत्सर्जनाला हातही लागत नाही. एनएचएसने स्वतःच्या ताब्यातलं उत्सर्जन २०४० पर्यंत आणि पुरवठा साखळीतलं २०४५ पर्यंत निव्वळ शून्यावर आणायचं ठरवलं, आणि २०२२ च्या आरोग्य कायद्याने ही जबाबदारी कायदेशीर झाली. एप्रिल २०२३ पासून मोठ्या करारांसाठी पुरवठादाराला उत्सर्जन कमी करण्याचा स्वतःचा आराखडा द्यावा लागतो. कागदोपत्री अट वाटते खरी, पण ६२ टक्क्यांपर्यंत पोहोचायचा रस्ता तिच्यातूनच जातो.

गैरसमज : पुन्हा वापरलेली वस्तू म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. पर्यावरण जपायचं तर रुग्णाची सुरक्षितता पणाला लागणार.

या भीतीला मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दिलेलं उत्तर मला सर्वांत बोलकं वाटतं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचं काम अखंड चालतं. एका खोलीत दोन टेबलं असतात. एका डोळ्याचं काम संपलं की सूक्ष्मदर्शक शेजारच्या टेबलावर वळतो. तिथे पुढचा रुग्ण तयार असतो, आणि तोवर पहिल्या टेबलावर नव्या रुग्णाची तयारी सुरू झालेली असते. उपकरणांचे अनेक संच आळीपाळीने निर्जंतुक होऊन येतात. थेंबांची बाटली एका रुग्णानंतर फेकली जात नाही.

अभ्यासकांनी इथल्या मोतीबिंदूच्या 'फेको' पद्धतीच्या शस्त्रक्रियेचं उत्सर्जन मोजलं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. एका शस्त्रक्रियेमागे ते सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं भरलं. ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या उत्सर्जनाचा हा जेमतेम विसावा हिस्सा. कचरा होता साधारण पाव किलो. आणि संसर्ग? अरविंदच्या वीस लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा डोळ्याच्या आतल्या गंभीर संसर्गाचं प्रमाण दहा हजारांत सुमारे चार आढळलं. श्रीमंत देशांतली चांगली रुग्णालयं ज्या आकड्याचा अभिमान बाळगतात, त्याच्या तोडीचं हे प्रमाण आहे. तेही बहुसंख्य रुग्णांवर मोफत किंवा अगदी कमी खर्चात उपचार करून.

याचा अर्थ सगळंच पुन्हा वापरावं असा मुळीच नाही. सुई आणि सिरिंज एकदाच वापरायची, त्यात तडजोड नाही. प्रश्न आहे तो पुराव्याशिवाय, निव्वळ सवयीने 'एकदाच' ठरलेल्या वस्तूंचा. हातमोज्यांचंच पाहा. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयात २०१८ मध्ये परिचारिकांनी पुढाकार घेऊन विनाकारण हातमोजे घालणं थांबवलं. तोंडाने द्यायचं औषध, मुलाला उचलून घेणं, चादर बदलणं अशा कामांना मोज्यांची गरज नव्हतीच. उलट मोजे चढवले की हात धुणं राहून जातं, आणि त्याच मोज्यांनी खाट, दाराची कडी, फोन असं सगळं शिवलं जातं. वर्षभरात सुमारे २१ टन प्लास्टिक कचरा टळला, पैसा वाचला, परिचारिकांच्या हातांच्या त्वचेचा त्रासही कमी झाला. आणि आजारी मुलाला माणसाच्या हाताचा स्पर्श मिळाला. तो कुठल्याही ताळेबंदात येत नाही, पण माझ्या लेखी त्याचं मोल मोठं आहे.

गैरसमज : हवामानाच्या नावाखाली दम्याच्या रुग्णांचे पंप काढून घेणार.

हा गैरसमज सर्वांत जास्त घाबरवणारा आहे. श्वास कोंडलेल्या माणसापुढे हवामानबदलाच्या गप्पा मारणं क्रूरपणाच. पण पंपात असतं काय, ते आधी पाहू. ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत औषध असतं, आणि ते बाहेर ढकलणारा वायूही. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात औषध असतं १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग. बाकी जवळजवळ सगळा तो वायूच. नेहमी वापरला जाणारा एचएफसी-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. त्यामुळे एका पंपाचं उत्सर्जन ब्रँडनुसार १० ते २८ किलोंच्या घरात जातं. कोरड्या पावडरीच्या इनहेलरला असा वायू लागतच नाही. रुग्णाच्या श्वासानेच औषध आत ओढलं जातं, आणि त्याचं उत्सर्जन बहुधा एक किलोहूनही कमी असतं. कॅप्सूल घालून ओढायचं रोटाहेलर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, ते याच प्रकारातलं.

इंग्लंडमध्ये दिल्या जाणाऱ्या इनहेलरपैकी सुमारे ७० टक्के वायूचे असत, तर स्वीडनमध्ये जेमतेम १३ टक्के. म्हणजे इतके वायूचे पंप लागतात ते वैद्यकीय गरजेपोटी नव्हे. लहान मुलं, अशक्त वृद्ध आणि अचानक जोराचा झटका आलेले रुग्ण यांना पावडर जोराने ओढता येत नाही. त्यांना स्पेसर लावलेला पंपच हवा, आणि तो मिळालाच पाहिजे. कोणतंही शहाणं धोरण याच्या आड येत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्पुरता आराम देणारा पंप वापरणाऱ्या ज्या १६५ मृतांच्या नोंदी उपलब्ध होत्या, त्यांपैकी ६५ जणांना शेवटच्या वर्षात असे १२ हून अधिक पंप लिहून दिलेले होते. आराम देणारा हा निळा पंप महिन्याला एक संपतो याचा अर्थ दमा आटोक्यात नाही, रोजचं प्रतिबंधक औषध नीट घेतलं जात नाही. अशा रुग्णाला वेळ देणं, पंप धरायची पद्धत दाखवणं, औषध बदलून पाहणं ही आधी त्याचा जीव वाचवणारी गोष्ट आहे. पंप कमी लागतात ते त्याच्या ओघात. म्हणून दमा-सेवेचा करार करताना किती पंप वाटले हे न विचारता किती जणांचा दमा आटोक्यात आला हे विचारायला हवं.

वायूंचा विषय निघालाच आहे, तर भुलीच्या वायूंबद्दलही थोडक्यात. डेसफ्लुरेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट घातक, आणि बहुतेक शस्त्रक्रियांत त्याला सुरक्षित पर्याय आहेत. स्कॉटलंडने २०२३ मध्ये आणि इंग्लंडने त्यानंतर लगेच, अपवाद वगळता, त्याचा वापर थांबवला. नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत तर स्कॉटलंडच्या लोदियन भागातल्या रुग्णालयांच्या फार्मासिस्टना वेगळंच आढळलं. रुग्णालयाच्या पाइपांतून सोडलेला बराचसा वायू रुग्णापर्यंत पोहोचतच नव्हता, वाटेतच गळत होता. पाइपांतला पुरवठा बंद करून गरजेपुरते छोटे सिलिंडर ठेवल्याने एकाही रुग्णाचं काही कमी होत नाही.

गैरसमज : जनतेचा पैसा आहे, तेव्हा सर्वांत कमी दराची निविदा घेणं हीच प्रामाणिक खरेदी.

कमी दर काही वेळा खरा असतो. काही वेळा मात्र किमतीचा एक भाग दुसऱ्याच कुणीतरी चुकता केलेला असतो. ब्रिटनच्या शस्त्रक्रियागृहांतले बरेच चिमटे, कात्र्या, पकडी पाकिस्तानातल्या सियालकोटहून येतात. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक महमूद भुट्टा यांनी २००६ मध्ये तिथल्या छोट्या कारखान्यांबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. हाताने घासून कानस मारणारे कामगार, फुप्फुसात जाणारी धातूची भुकटी, तुटपुंजी मजुरी, आणि काही ठिकाणी काम करणारी मुलं. त्या लिखाणातून आणि पाठपुराव्यातून ब्रिटनच्या डॉक्टरांच्या संघटनेने न्याय्य वैद्यकीय व्यापाराची मोहीम उभी केली.

हातमोज्यांचंही तेच. मलेशियातल्या कारखान्यांत नेपाळ आणि बांगलादेशातून आलेले मजूर नोकरी मिळवण्यासाठी दलालांचं कर्ज डोक्यावर घेऊन राबत होते. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने टॉप ग्लव्ह या सर्वांत मोठ्या कंपनीच्या मोज्यांना मज्जाव केला. कंपनीने मजुरांची दलाली परत केली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. खरेदीदाराने हात आखडता घेतला की कारखान्याच्या आत काय काय बदलू शकतं, ते इथे दिसलं.

आपल्या अंगणातलं उदाहरण तेलंगणातल्या पाटनचेरूचं आहे. औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन यांच्या चमूला २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडलं. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त. अशा पाण्यात जिवाणू प्रतिजैविकांना पुरून उरायला शिकतात. मग ते जगभर पसरतात, स्वस्तात गोळ्या घेणाऱ्या देशातसुद्धा. नॉर्वेच्या रुग्णालयांनी २०१९ पासून प्रतिजैविकांच्या निविदेत पर्यावरणाला ३० टक्के गुण ठेवले. ब्रिटनमध्ये सामाजिक मूल्याचा २०१२ चा कायदा आहे, आणि एप्रिल २०२२ पासून एनएचएसच्या निविदांत किमान १० टक्के गुण सामाजिक मूल्य आणि कार्बनकपात यांना द्यावे लागतात.

गैरसमज : हे श्रीमंत देशांचे चोचले. आपल्याकडे आधी दवाखाना तर हवा.

दवाखाना हवाच, आणि तो उभारतानाच या अटी घालणं सर्वांत सोपं असतं. डायलिसिसचं उदाहरण घेऊ. २०१६ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीने डायलिसिस केंद्रं चालतात, म्हणजे सरकार ही सेवा कराराने विकत घेतं. चार तासांच्या एका डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने सुमारे १२० लिटर शुद्ध द्रव लागतो. तो बनवताना आरओ यंत्र जे पाणी नाकारतं, ते वेगळंच, आणि तेही थोडंथोडकं नसतं.

हे नाकारलेलं पाणी दूषित असतं असा समज रुग्णालयांतही आढळतो. वास्तविक ते रुग्णाच्या जवळपासही गेलेलं नसतं. यंत्राने गाळून बाजूला काढलेलं, थोडे जास्त क्षार असलेलं नळाचंच पाणी ते. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगचे मूत्रपिंडतज्ज्ञ जॉन आगार यांनी आणि इंग्लंडमध्ये कॅंटरबरीच्या रुग्णालयाने ते पाणी गटारात न सोडता पुन्हा वापरून दाखवलं आहे.

उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या मराठवाड्यातल्या जिल्हा रुग्णालयाला हे पाणी सोन्याच्या मोलाचं आहे. एक टाकी, थोडे पाइप आणि करारात दोन ओळी : आरओने नाकारलेलं पाणी स्वच्छतागृहं आणि फरशी धुण्यासाठी वापरावं, आणि त्याची मोजणी दर महिन्याला द्यावी. त्याच करारात केंद्रातल्या तंत्रज्ञांना आणि सफाई कामगारांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि हिपॅटायटिस-बीची लस मिळते की नाही, हेही विचारता येतं. तालुक्याच्या ठिकाणी डायलिसिसच्या खुर्च्या टाकल्या तर आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने जिल्ह्याला येणाऱ्या रुग्णाचा दिवस, मजुरी आणि डिझेल असं सगळंच वाचतं. करार पुन्हा नव्याने निघतात तेव्हा हे मुद्दे निविदा समितीपुढे मांडायला रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.