गंजाखालचा शिक्का

इंदुरीत, इंद्रायणीकाठच्या दमट हवेत, आजोबांच्या पेटीतला घडीचा चाकू गंजणारच. लगेच पॉलिश पेपर घेऊ नका! आधी पात्याच्या मुळाशी भिंग धरा. तारा आणि माल्टीज क्रॉस ही इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १९०१पर्यंतचा काळ. नकलाही पुष्कळ झाल्या. त्यामुळे अक्षरांची सफाई बघाच.

तांबडा गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि लोखंड आणखी खातो. काळसर थर मात्र घट्ट बसलेला असतो. तो खरवडलात तर शिक्काही जाईल. बिजागरीत शिलाई मशीनचं तेल सोडून रात्रभर ठेवा. खोबरेल नको, थंडीत थिजतं. मग पातं हळूहळू उघडा. मूठ शिंगाची असेल तर पाण्यात बुडवू नका, ती फुगून तडकते.