बंदीहून घातक मौन

विज्ञानाच्या तासाला काय शिकवावे हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न अमेरिकेत शतकभर न्यायालयांपुढे येत राहिला आहे. मानव खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे सरकारी शाळांत शिकविण्यास टेनेसी राज्याने १९२५ साली कायद्याने मनाई केली. त्याच वर्षी डेटन गावी जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकास १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तांत्रिक कारणावरून तो रद्द केला. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

या खटल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. त्यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. खप घटू नये म्हणून प्रकाशकांनी जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांतीचा उल्लेखच आटोपता घेतला. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेला, तेव्हा कोठे देशाला विज्ञानशिक्षणाची जाग आली.

१९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरविली. मग विरोधकांनी सूर बदलला: उत्क्रांतीबरोबर ईश्वरी सृष्टिनिर्मितीही शिकवा. ही मागणी वरकरणी न्याय्य वाटते. परंतु विज्ञानात मताला स्थान मिळते ते पुराव्याने, समान वाटणीने नव्हे. लुइझियाना राज्याचा तसा कायदा १९८७ मध्ये, तर पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या शाळामंडळाचे ‘बुद्धिमान रचने’चे धोरण २००५ मध्ये न्यायालयांनी रद्द केले. डोव्हरच्या विज्ञानशिक्षकांनी मंडळाचे निवेदन वर्गात वाचण्यास नकार दिला होता. त्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथलिक होते. तेव्हा हा झगडा श्रद्धेशी नाही. श्रद्धेला विज्ञानाचा वेष चढविण्याशी आहे.

आपल्याकडे असा खटला गाजला नाही. तथापि २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. कारण दिले गेले ते अभ्यासाचा भार हलका करण्याचे. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व नागरिकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग राखला गेला. पण दहावीनंतर कला वा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलांना त्याचा काय उपयोग?

बंदीविरुद्ध दाद मागता येते. गळालेल्या पानाचा गवगवा होत नाही, आणि जे वाचलेच नाही त्याविषयी विद्यार्थी प्रश्नही विचारीत नाही. ते पान वर्गात पुन्हा उघडणे शेवटी शिक्षकाच्याच हाती उरते.