गिलावा पुन्हा पुन्हा का पडतो?

गेल्या वर्षी पावसात, असरच्या सुमारास, आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीचा परातीएवढा गिलावा अंगणात कोसळला. थोड्या वेळापूर्वी तिथेच मुले खेळत होती. अल्लाहचा शुक्र, कुणाला लागले नाही. तीन वर्षांत दोनदा केलेला गिलावा, आणि पैसे आखातात राबणाऱ्या भावाचे!

कोकणात हे घरोघरी दिसते. भिंत जांभ्या चिऱ्याची, जोडकाम जुन्या चुन्याचे आणि वर सिमेंटचा कडक थर. चिरा पाणी पितो, उन्हाळ्यात ते सोडतोही. सिमेंटला बारीक भेगा पडल्या की पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. मग क्षार फुलतात आणि थर सुटतो. खाडीची वाळू वापरली असेल तर तिचे मीठ त्यात भर घालते. त्यावर महागडा वॉटरप्रूफ रंग म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट.

म्हणून आधी फुटकी कौले, तुंबलेली पन्हाळ, जोत्याला टेकलेली माती पाहा. मग हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवा. पोकळ वाजेल तिथला गिलावा सुटलेला असतो. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवरचा सिमेंटचा थर सगळाच उतरवा आणि भिंत उन्हाळाभर उघडी वाळू द्या. "कशाला थांबता?" असे गवंडी इथेच म्हणतो. ऐकू नका.

नवा गिलावा चुन्याचा करावा. कळीचा चुना भिजवून दोन-तीन आठवडे मुरवा. भिजवताना तो उकळतो, मुलांना लांब ठेवा, डोळे जपा. 1 भाग चुन्याला 3 भाग धुतलेली वाळू. त्यातल्या थोड्या वाळूऐवजी विटांची सुरखी घातली तर चुना दमट हवेतही धरतो. थर पातळ द्यावेत, 10-12 मि.मी.चे, आणि ओल्या गोणपाटाखाली सावकाश सुकू द्यावेत. सिमेंट वाईट नाही. नव्या पिलर-बीमच्या घराला तेच चालते. मात्र बीम आणि विटा जुळतात तिथे जाळी मारा आणि निदान 7 दिवस पाणी मारा.

आमचा चिरा खणखणीत निघाला. म्हणून आम्ही गिलावा केलाच नाही, फक्त चुन्याने दरजा भरल्या आणि छप्पर दोन फूट पुढे ओढले. अम्मी रुसल्या, "गरिबाचं घर दिसेल." यंदा भर पावसात त्यांनीच आतून भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी होती. रस्त्याकडची भिंत पुढच्या उन्हाळ्यात, भावाला सुट्टी मिळाली तर.