फुलाकडे शेवटी पाहा

पडक्या बंगल्याच्या कुंपणावर, जुन्या दफनभूमीत किंवा डोंगरउतारावर नाव माहीत नसलेला गुलाब दिसला, की बहुतेक जण आधी फुलाचा फोटो काढतात. ओळख पटवण्याच्या कामात हाच पुरावा सगळ्यांत कच्चा असतो. गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचे, सुवासिक जुने वाण शेकड्यांनी आहेत. शिवाय एकाच झुडपाचं फूल ऊन, खत आणि ऋतू बदलला की रंग-आकारानं बदलतं. झाडाचं कूळ सांगतात ते फुलाच्या आजूबाजूचे दुर्लक्षित अवयव: पानाच्या देठाला चिकटलेली उपपर्णं, कळीवरची निदलं, काट्यांची घडण, फुलाच्या मध्यभागी असलेले कुक्षीवृंत आणि पाकळ्या गळाल्यावर धरणारं फळ. आणि या सगळ्यांइतकीच मोलाची, पण क्वचितच टिपून ठेवली जाणारी गोष्ट म्हणजे बहराचा महिना.

महिन्याचं मोल किती, हे इंग्लंडमधल्या कस्तुरी गुलाबानं दाखवून दिलं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रज वनस्पतिग्रंथांत, विशेषतः जॉन जेरार्डच्या 1597च्या ग्रंथात, हा गुलाब उशिरा, शरदाच्या तोंडावर फुलतो अशी नोंद आहे. विसाव्या शतकात मात्र या नावानं तिथल्या बागांत वाढणारी वेल जूनमध्ये एकदाच बहरून मोकळी होई. दोन्हींची फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, घोसांत येणारी, सुगंधी. दोन्हींचे कुक्षीवृंत जुळून त्यांचा एक बारीक स्तंभ झालेला. फुलावरून भेद करायला जागाच नव्हती. ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस या गुलाबतज्ज्ञानं तारखांमधली ही तफावत गांभीर्यानं घेतली. इंग्रज बागकार ई. ए. बोल्स यांनी आपल्याकडे खरा कस्तुरी गुलाब असल्याचं लिहून ठेवलं होतं. बोल्स 1954मध्ये वारले. त्यानंतर थॉमस यांनी एनफील्डच्या मिडलटन हाउसमधल्या त्यांच्या बागेत शोध घेतला, तेव्हा घराच्या भिंतीशी उन्हाळा सरताना फुलणारं एक झुडूप सापडलं. जूनमध्ये फुलणारी वेल होती रोझा ब्रुनोनी, म्हणजे आपल्या हिमालयातला रानगुलाब. तिची पानं लांबट, झुकलेली, करडट लवीची असतात. हे दिसत होतं, पण फुलाचं नाव ठरल्यावर पानाकडे पाहणार कोण?

अवयवांवर इतका भरवसा का ठेवायचा, याचं उत्तर त्यांच्या घडणीत आहे. युरोपातल्या रोझा कॅनिना या रानगुलाबाच्या पाच निदलांपैकी दोघांच्या दोन्ही कडांना झालर असते, दोन अगदी साधी असतात आणि पाचव्याच्या एकाच कडेला झालर असते. कळीत निदलं एकमेकांवर ठरावीक क्रमानं चढलेली असतात. जी कड उघडी राहते तिला झालर फुटते, झाकलेली कड कोरी राहते. हवामानामुळे हा क्रम बदलत नाही. रोझा मल्टिफ्लोराची उपपर्णं अशीच दातेरी, पिसासारखी चिरलेली असतात आणि तिच्या संकरित वंशजांतही ही खूण बऱ्याचदा उतरते. हे आपल्याकडेही उपयोगाचं आहे, कारण रोपवाटिकांत खुंट म्हणून ही जात सर्रास वापरली जाते. डोळा भरून तयार केलेल्या कलमाचा वरचा भाग मेला आणि खालचा खुंट फुटून वाढला, की आजोबांनी लावलेला म्हणून जपलेला गुलाब खुंटाचाच निघू शकतो. उपपर्णं चिरलेली असतील, तर ही शंका आधी तपासावी.

आता डीएनए चाचणी असताना हा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. चाचणीचं श्रेय नाकारता येणार नाही. दमास्क गुलाब हा गॅलिका आणि कस्तुरी या दोघांचा वंशज, असा एक जुना तर्क होता. 2000मध्ये जपानी संशोधकांनी मध्य आशियातली रोझा फेडचेन्कोआना ही तिसरी जातही त्याच्या वंशात असल्याचं दाखवलं. नुसत्या डोळ्यांनी हे कळणं अवघड होतं. पण त्याच अभ्यासात चार जुन्या दमास्क वाणांची डीएनए-छाप एकसारखी आली. त्यांतला एक बुल्गारियातला गुलाबी, अत्तराचा काझानलिक आणि दुसरा कळीवर शेवाळासारखी लव असलेला पांढरा, शरदातही फुलणारा वाण. मूळ झाडाच्या फांदीत किरकोळ बदल होऊन वेगळे झालेले वाण त्या छापेत दिसत नाहीत, डोळ्यांना दिसतात. शिवाय प्रयोगशाळा नमुना कशाशी तरी ताडून पाहते. ज्याच्याशी ताडायचं त्याच झाडाची पाटी चुकलेली असेल, तर ती चूकच पक्की होते.

पाट्या चुकतात, हे उघड आहे. सोंब्रय हा 1850चा फ्रेंच चहा-गुलाब. या नावानं अनेक दशकं विकली गेलेली पांढरी वेल मात्र 1959मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला कलोनियल व्हाइट असावी, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. गुलाब सुंदर आहे, मग नाव कोणतं का असेना, हा आक्षेप बागप्रेमींच्या तोंडी नेहमी असतो आणि दारातल्या एका झाडापुरता तो रास्तही आहे. जतनाच्या कामात मात्र तो महागात पडतो. दुर्मीळ वाणाचं नाव भलत्याच झाडावर बसलं, की तो वाण सुरक्षित असल्याचा समज होतो आणि खऱ्याचा शोध थांबतो. उलट, खऱ्यावर सामान्य वाणाचं नाव पडलं, तर तो उपटला जातो. संकर करणाऱ्याचंही नुकसान होतं: शरदातला बहर हवा म्हणून त्यानं कस्तुरी निवडावा आणि हाती जूनमध्येच फुलणारी हिमालयातली वेल यावी.

म्हणून मला बर्म्युडातल्या गुलाबप्रेमींची रीत सर्वांत प्रामाणिक वाटते. तिथे मूळ नाव हरवलेल्या गुलाबांना सापडल्या ठिकाणावरून किंवा ज्यांच्या बागेत सापडले त्यांच्यावरून तात्पुरतं नाव देतात आणि ते अवतरणचिन्हांत लिहितात. ‘स्मिथ्स पॅरिश’ हा असाच एक. अशा नावामुळे रोपाची देवाणघेवाण अडत नाही आणि पुढच्या अभ्यासकाची दिशाभूलही होत नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या, गिरिस्थानांवरच्या बंगल्यांतल्या गुलाबांनाही गावाचं नाव द्यावं. सोबत उपपर्णासकट दाबून वाळवलेलं पान, कळीची पाचही निदलं, काट्यांसह फांदीचा तुकडा, पिकलेलं फळ आणि वर्षभरातल्या बहराच्या तारखा ठेवाव्यात. फुलाचा फोटो त्यानंतर.